पाळीव जनावराच्या कॅन्सरवर नवीन रेडिएशनची ट्रायल: नाव घालण्याआधी आणि नंतर काय काय बघायचं

कुत्र्याला किंवा मांजराला कॅन्सर निघाला, व्हेटनी रेडिएशनचं, म्हणजे किरणांनी गाठ मारायच्या उपचाराचं, नाव काढलं, आणि वर म्हणाले की नवीन पद्धतीची एक ट्रायल, म्हणजे उपचार तपासून बघायचा अभ्यास, चालू आहे, बघता का. इथून पुढं काय करायचं त्यासाठी हा लेख. आमच्या कुत्र्याच्या नाकात गाठ होती, त्यामुळे हे सगळं आम्ही पहिल्या बायोप्सीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत जवळून बघितलंय. माहिती भरपूर मिळते हो, पण ती डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेली असते, घरच्या माणसाला ज्या क्रमानं प्रश्न पडतात त्या क्रमानं कुणी सांगत नाही.

आधी एक भीती काढून टाका. या ट्रायलमध्ये कुणी धडधाकट जनावराला मुद्दाम कॅन्सर देत नाही. ज्यांना आपोआप कॅन्सर झालाय आणि जी घरात राहतात अशीच जनावरं घेतात, उपचार झाला की ती घरी येतात. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटनं २००३ साली यासाठी वेगळा कार्यक्रमच सुरू केला, कारण कुत्र्याचा हाडाचा कॅन्सर किंवा मेंदूतली ग्लायोमा नावाची गाठ माणसाच्या त्याच आजाराशी बराच जुळतो, आणि कुत्र्याचं आयुष्य लहान म्हणून उपचाराचा निकालही लवकर कळतो. म्हणजे यात शिकलेलं माणसांच्याही उपयोगी पडतं. ते चांगलंच आहे, पण तुम्ही मात्र फक्त तुमच्या जनावराच्या बाजूनं विचार करा, बाकीचा विचार करायला ट्रायलची टीम आहे.

१. नेहमीचा उपचार आधी समजून घ्या, ट्रायल नंतर

सगळ्यात जास्त लोक इथंच घाई करतात. ट्रायल चांगली की वाईट हे तेव्हाच कळेल जेव्हा ट्रायल नसती तर काय केलं असतं हे माहीत असेल.

रेडिएशनचा डोस ग्रे या एककात मोजतात. नेहमीच्या पद्धती ढोबळमानानं तीन. पहिली, बरं करायच्या किंवा गाठ जास्तीत जास्त काळ दाबून ठेवायच्या हेतूनं दिलेली, यात साधारण १५ ते २० सेशन, सोमवार ते शुक्रवार रोज, प्रत्येक वेळी अडीच-तीन ग्रेच्या आसपास, तीन-चार आठवडे चालतं. दुसरी, फक्त दुखणं कमी करायला, यात मोजकीच सेशन पण प्रत्येक वेळचा डोस मोठा. तिसरी स्टिरिओटॅक्टिक, म्हणजे खूप अचूक नेम धरून एक ते पाच सेशनमध्ये संपवायचं. प्रत्येक सेशनला पूर्ण भूल लागते, कारण जनावराला "हलू नको" सांगता येत नाही.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा: काहीच केलं नाही तर किती दिवस, नेहमीचं रेडिएशन केलं तर किती, आणि या ट्रायलच्या उपचाराबद्दल आत्तापर्यंत काय माहीत आहे. आकडे ऐकताना मात्र जपून. उदाहरण देतो, २००६ साली नाकाच्या कार्सिनोमाच्या (कॅन्सरचा एक प्रकार) १३९ कुत्र्यांचा एक अभ्यास आला होता, उपचार न केलेली कुत्री, ती किती जगली त्याचा मधला आकडा ९५ दिवस. म्हणजे अर्धी त्याआधी गेली आणि अर्धी त्यानंतरही होती, "तुमच्याकडे ९५ दिवस आहेत" असा त्याचा अर्थ नाही. त्याच अभ्यासात नाकातून रक्त येणाऱ्या कुत्र्यांचा आकडा ८८ दिवस आणि न येणाऱ्यांचा २२४ दिवस असा होता, एवढा फरक! म्हणून आकडा सांगितला की लगेच पुढचा प्रश्न टाका, आमच्या कुत्र्यासारख्या कुत्र्यांचा किती?

२. यात "नवीन" नेमकं काय आहे ते विचारा

नवीन रेडिएशन म्हटलं की मशीन नवीन असेल असं वाटतं, पण बऱ्याचदा नवीन भाग वेगळाच असतो. कधी डोस तोच असतो पण सेशन कमी, कधी रेडिएशन नेहमीचंच आणि सोबत इम्युनोथेरपीचं (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडायची) इंजेक्शन, कधी पेशी. २०१७ साली हाडाच्या कॅन्सरच्या कुत्र्यांमध्ये रेडिएशननंतर नॅचरल किलर पेशी (प्रतिकारशक्तीच्याच पेशी) गाठीत सोडून बघितल्याचं काम छापून आलं होतं, ते या प्रकारातलं. कधी शरीरात किरणोत्सारी औषध सोडतात, जसं हाडाच्या दुखण्यासाठी समेरियम-१५३. कधी बोरॉनचं औषध देऊन वर न्यूट्रॉन सोडतात, अर्जेंटिनात संशोधनाच्या अणुभट्टीवर कुत्र्यामांजरांना हे दिलं गेलंय.

आणि सध्या ज्याची सगळ्यात जास्त चर्चा आहे ते फ्लॅश. यावर जरा थांबतो, कारण ट्रायल म्हणजे काय हे मला तरी याच गोष्टीतून नीट कळलं.

नेहमीच्या मशीनमधून मिनिटाला काही ग्रे एवढ्या वेगानं डोस मिळतो. फ्लॅशमध्ये सेकंदाला ४० ग्रे किंवा त्याहून जास्त, म्हणजे अख्खा डोस सेकंदाच्याही आत. २०१४ साली उंदरांच्या फुफ्फुसावर दिसलं की एवढ्या वेगानं दिल्यावर गाठीवर परिणाम तसाच होतो पण आजूबाजूच्या चांगल्या भागाला इजा कमी होते. मग २०१९ साली नाकाच्या शेंड्यावर कॅन्सर झालेल्या सहा मांजरांचा अहवाल आला, एकाच वेळी २५ ते ४१ ग्रे दिले होते आणि निकाल फार आशा वाटावी असे होते. स्वीडनमधल्या लुंडला कुत्र्यांवर काम झालं, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्यांना प्रोटॉनचं फ्लॅश दिलं गेलं, माणसातला पहिला पेशंट २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला झाला.

त्यानंतर स्वित्झर्लंडमधल्याच झुरिकच्या टीमनं मांजरांमध्येच नीट तुलना करायला घेतली. एका गटाला एकदाच ३० ग्रे फ्लॅशनं, दुसऱ्या गटाला नेहमीच्या पद्धतीनं १० सेशन. ही ट्रायल मध्येच थांबवावी लागली. फ्लॅश मिळालेल्या ७ पैकी ३ मांजरांचं वरच्या जबड्याचं हाड सडायला लागलं, आणि ते उपचारानंतर ९ ते १५ महिन्यांनी. नेहमीच्या उपचाराच्या ९ मांजरांमध्ये एकालाही नाही. २०२२ साली हे छापून आलं.

हे घाबरवायला सांगत नाही. फ्लॅश वाईट असंही माझं म्हणणं नाही, एकाच वेळी मोठा डोस आणि मोठा भाग हे जमत नाही एवढं त्यातून कळलं आणि पुढचं काम त्यावरून सुधारतं. पण तुमच्यासाठी यातली गोष्ट ही की पहिले सहा महिने सगळं छान दिसू शकतं. रेडिएशनचा खरा हिशोब वर्षभरानंतर लागतो. म्हणून कुठल्याही ट्रायलला माझा पहिला प्रश्न हाच असतो की हा उपचार मिळून एक वर्ष उलटलेली जनावरं तुमच्याकडे किती आहेत आणि ती कशी आहेत.

३. ट्रायल कितव्या टप्प्याची आहे

पहिल्या टप्प्यात किती डोस झेपतो ते शोधतात, थोडी थोडी जनावरं घेऊन डोस वाढवत नेतात. दुसऱ्यात उपयोग होतो का ते बघतात. तिसऱ्यात नेहमीच्या उपचाराशी तुलना, आणि तिथं चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो कुणाला काय मिळणार, तुम्हाला निवडता येत नाही.

माझं मत सरळ सांगतो. नेहमीच्या उपचारानं बरं व्हायची चांगली शक्यता असेल तर पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये घालू नका. नेहमीच्या उपचारात फार काही हाती लागत नसेल, किंवा तीन-चार आठवडे रोजची भूल जनावराला झेपणारी नसेल, तर ट्रायल नक्की विचारात घ्या.

शोधायची कशी? तुमच्या व्हेटना ऑन्कोलॉजिस्टकडे (कॅन्सरचे तज्ज्ञ) रेफर करायला सांगा, जवळच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या कॅन्सर विभागाला मेल टाका. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनचा जनावरांच्या अभ्यासांचा ऑनलाइन डेटाबेस आहे, त्यात जनावर आणि आजार टाकून शोधता येतं.

४. हे कागद आधी जमवून ठेवा

ट्रायलवाले पहिल्या फोनलाच विचारतात, आणि जागा मोजक्या असल्यानं ज्याची फाइल तयार त्याचा नंबर लागतो.

- बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट, नुसता "कॅन्सर आहे" असा सारांश नाही
- बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) कुठल्या लॅबमध्ये आहे त्याची माहिती (लॅबला सांगून ठेवा, टाकू नका म्हणून)
- छातीचे एक्सरे किंवा सीटी, मूळ डिजिटल फाइलसकट, मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही
- गाठीजवळच्या लिम्फ नोडची (कॅन्सर पसरताना बऱ्याचदा आधी जिथं जातो त्या ग्रंथी) सुईनं केलेली तपासणी, झाली असेल तर
- पोटाची सोनोग्राफी, रक्ताचे आणि लघवीचे अलीकडचे रिपोर्ट
- मांजर असेल तर एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा व्हायरस) आणि ल्युकेमिया व्हायरसच्या टेस्ट
- आत्तापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांची यादी, तारीख आणि डोस लिहून, सप्लिमेंटसकट
- लसीकरणाचं कार्ड आणि सध्याचं वजन
- आधी कुठं रेडिएशन घेतलं असेल तर त्याचा प्लॅन आणि डोस

शेवटचं फार महत्त्वाचं. एकदा रेडिएशन मिळालेल्या भागाला परत देताना आधीचा डोस माहीत नसेल तर कुठलीही शहाणी टीम हात लावणार नाही.

५. ट्रायलच्या नियमात बसत नाही असं होऊ नये म्हणून

दोन गोष्टींमुळे बरीच जनावरं बाद होतात.

एक, स्टेरॉइड. गाठ दिसली की सूज कमी करायला प्रेडनिसोलोन सुरू करतात, आणि त्यानं जनावराला बरंही वाटतं. पण इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये स्टेरॉइड चालू असलेलं जनावर बहुतेक घेत नाहीत, शिवाय लिम्फोमासारख्या (लिम्फ नोडच्या) कॅन्सरमध्ये निदानच पुसट होतं. म्हणून बायोप्सीच्या आधी स्टेरॉइड सुरू करायचं का ते विचारूनच घ्या. आणि चालू असेल तर आपल्या मनानं अचानक बंद करू नका, ते हळूहळू कमी करत आणावं लागतं.

दुसरं, घाईचं ऑपरेशन. "आधी काढून टाकू, मग बघू" हे ऐकायला बरं वाटतं, पण पुष्कळ ट्रायलना मोजता येईल अशी गाठ लागते, आणि अर्धवट काढलेल्या गाठीत रेडिएशन अख्ख्या टाक्यांच्या भागाला द्यावं लागतं म्हणजे भाग उलट मोठा होतो. ऑपरेशन करणारच असाल तर त्याआधी रेडिएशनवाल्या डॉक्टरांशी एक फोन तरी होऊ द्या.

६. संमतीपत्र घरी आणून वाचा

तिथंच सही करू नका. चांगली टीम स्वतःच म्हणते घरी न्या. हे प्रश्न लिहून न्या आणि उत्तरंही लिहून घ्या:

ट्रायलमध्ये कशाकशाचा खर्च धरलाय, रेडिएशनचा, भुलेचा, सीटीचा, की फक्त नवीन औषधाचा? त्रास झाला आणि ॲडमिट करावं लागलं तर तो खर्च कुणाचा? वर्षभरानं हाडाला किंवा डोळ्याला काही झालं तर? लोक पहिल्या महिन्याचं विचारतात आणि हे विचारायचं राहून जातं. ट्रायल बंद पडली तर फॉलोअप चालू राहणार का? मध्ये सोडायचं झालं तर? (सोडता आलंच पाहिजे, कधीही, कारण न देता, तसं लिहिलेलं नसेल तर सही करू नका.) एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? जास्तीच्या बायोप्सी आणि रक्ताचे नमुने किती, आणि त्यातले किती माझ्या जनावराच्या फायद्याचे, किती फक्त अभ्यासाचे?

एक शब्द नीट लक्षात ठेवा, ग्रेड. त्रास किती हे मोजायला व्हेटर्नरी ऑन्कोलॉजीत १ ते ५ अशी पट्टी वापरतात. ५ म्हणजे मृत्यू. "ग्रेड ३ पर्यंतचे परिणाम अपेक्षित" असं लिहिलेलं असलं तर तो किरकोळ प्रकार नाही, ॲडमिट करावं लागेल इतका त्रास त्यात येतो. आणि "स्टेबल" म्हणजे बरं नव्हे, गाठीचं माप ३० टक्क्यांनी कमीही झालं नाही आणि २० टक्क्यांनी वाढलंही नाही, एवढाच त्याचा अर्थ.

७. प्लॅनिंगचा सीटी

भूल देऊन जनावराला ज्या पोझिशनमध्ये रेडिएशन देणार त्याच पोझिशनमध्ये झोपवून सीटी काढतात. खाली हवा काढून घट्ट होणारी गादी असते, डोक्याचं असेल तर दातांचा साचा घेतात, केस कापतात, कातडीवर खुणा करतात. या खुणा पुसू नका, आंघोळ घालू नका. सीटीनंतर प्लॅन व्हायला काही दिवस लागतात, तेव्हा "आज सीटी झाला मग उद्या का नाही" म्हणून कासावीस होऊ नका, त्या दिवसांत फिजिसिस्ट (डोसचा हिशोब करणारे तज्ज्ञ) डोळा, मेंदू, मणका यांना किती डोस जातो ते बसवत असतात. त्यांना तो प्लॅन दाखवायला सांगा, रंगीत नकाशासारखा असतो, समजावून सांगितला तर कळतो.

८. उपचाराचे दिवस

रात्रीपासून उपाशी ठेवायचं, पाणी कधीपर्यंत ते विचारून घ्या. डायबेटिस असेल किंवा जनावर फार लहान चणीचं असेल तर त्यांच्यासाठी वेगळ्या सूचना असतात, त्या मागून घ्या. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कुणीतरी प्रेमानं बिस्किट भरवतं आणि सेशन रद्द होतं.

रेडिएशन स्वतः दुखत नाही आणि काही मिनिटांत संपतं. बाहेरून मशीननं दिलेल्या रेडिएशननंतर जनावर किरणोत्सारी होत नाही, मुलांनी कुशीत घेतलं तरी चालतं. शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी औषधाचं मात्र वेगळं आहे, त्यात काही दिवस वेगळं ठेवावं लागतं, लघवी आणि मांजराच्या शी-शूच्या वाळूचे नियम असतात, घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

९. लवकर दिसणारे त्रास

कातडी लाल होणं, सोलणं, ओलसर जखम, तोंडात छाले, केस जाणं. हे बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं आणि गंमत अशी की रेडिएशन संपल्यावर आठवडाभर अजून वाढतं. आपल्याला वाटतं आता सुटलो, आणि तेव्हाच सगळ्यात वाईट दिसतं. मग दोन-चार आठवड्यांत भरून येतं. हे आधी माहीत असलं की धीर सुटत नाही.

चाटू देऊ नका, गळ्यातला कोन सक्तीचा, कितीही केविलवाणं बघू दे. मानेला रेडिएशन असेल तर पट्टा काढून हार्नेस घाला. उन्हापासून जपा. आपल्या मनानं कुठलंही मलम नको, विशेषतः झिंकचं, चाटलं तर ते विषारी. माणसांच्या गोळ्या अजिबात नाही: पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं, आयबुप्रोफेन दोघांनाही घातक. दुखत असेल तर टीमकडून औषध मागा आणि भरपूर मागा, गप्प बसलेलं जनावर म्हणजे न दुखणारं जनावर असं नसतं.

मांजरवाल्यांनी खाण्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर लिव्हरवर येतं. तोंडाचं किंवा नाकाचं रेडिएशन असेल तर फीडिंग ट्यूब आधीच घालून ठेवायची का ते विचारा, ट्यूब म्हणजे हार मानणं नाही, उलट औषधं देणंही सोपं होतं.

मेंदूला रेडिएशन झालं असेल तर काही आठवड्यांनी सुस्ती, तोल जाणं असं परत दिसू शकतं. गाठ वाढली असंच दर वेळी नसतं, तात्पुरती सूज असते आणि औषधानं ओसरू शकते. लगेच फोन करा, निष्कर्ष स्वतः काढू नका.

१०. उशिरा दिसणारे त्रास आणि फॉलोअप

महिन्यांनी किंवा वर्षांनी येणारे हे त्रास: कातडी कडक होणं, त्या भागाचे केस पांढरे येणं (हे निरुपद्रवी), डोळा कोरडा पडणं, मोतीबिंदू, हाड सडणं किंवा हाडाच्या गाठीला रेडिएशन दिलेल्या पायाला फ्रॅक्चर, आणि क्वचित त्याच जागी नवीन कॅन्सर. फ्रॅक्चरच्या भीतीपायी पाय दुखायचा थांबला तरी उड्या, जिने, पळापळ बंदच ठेवा.

ट्रायलमध्ये ठरलेल्या तारखा असतात. जनावर टुणटुणीत दिसतं म्हणून लोक तारखा चुकवतात, आणि नेमका तोच डेटा हरवतो ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे. झुरिकच्या मांजरांचं हाड वेळेत दिसलं ते फॉलोअप चालू होता म्हणूनच, आणि त्यामुळे पुढच्या मांजरांना तो डोस मिळाला नाही. तोंडाला वेगळा वास येणं, एका बाजूनं चावणं, नाकातून एकाच बाजूनं स्राव, डोळा मिचकावणं, असं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

घरी एक वही करा. रोज तीन ओळी पुरतात: जेवण, झोप, आणि त्याला आवडणाऱ्या गोष्टी केल्या का, आठवड्यातून एकदा वजन, जखमेचा फोटो त्याच उजेडात त्याच अंतरावरून. टीमला "बरा आहे" यापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते आणि पुढं थांबायचं की चालू ठेवायचं हे ठरवताना तुम्हालाही.

११. ट्रायल सोडणं आणि शेवटचा कागद

त्रास जास्त वाटला तर सोडा. टीमला वाईट वाटेल, त्यांचा अभ्यास बिघडेल, हा विचार तुमचा नाही. सोडताना प्लॅनची आणि मिळालेल्या डोसची कॉपी मागून घ्या, पुढच्या डॉक्टरांना ती लागणारच.

संमतीपत्रात शवविच्छेदनाचं एक कलम बहुतेक असतं. जनावर गेल्यावर त्या मनःस्थितीत ते ठरवणं फार कठीण, म्हणून घरात आधीच बोलून ठेवा. आम्ही होय म्हटलं, कारण गाठ खरंच किती मेली आणि चांगल्या भागाला काय झालं हे दुसऱ्या कशानं एवढं नक्की कळत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी त्यात काही चुकीचं नाही. फक्त त्यानंतर शरीर किंवा अस्थी परत मिळणार का, किती वेळानं आणि ने-आण कुणी करायची, हे सही करतानाच त्या कागदावर लिहून घ्या.